कितेरियाच्या मुलाचं गाणं

आमच्या सान दामियान गावात बर्नाबे चुवेचं नाव निघालं की पसरून बसलेली माणसंसुद्धा पाय आवरून नीट बसतात. त्याला जाऊन दोनशे वर्षं होत आली. त्याचं चित्र कुणी काढलं नाही, थडग्यावरचा लाकडी क्रूस केव्हाच वाळवीनं खाल्ला. तरी गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, तो चालायचा कसा इथपासून ती सांगायला लागेल.

मला आईनं सांगितलं ते असं.

बर्नाबेच्या आईचं नाव कितेरिया. पाद्र्यांनी हे गाव वसवलं तेव्हा ती जंगलातून इथं आली, आणि तेव्हा बर्नाबे तिच्या पोटात होता. नवरा वाटेतच तापानं गेला होता. ती सूत कातायची, माग चालवायची. स्पॅनिश तिला कधी आलं नाही, लॅटिनचा तर प्रश्नच नव्हता. पाद्री समुद्रापलीकडून संगीत घेऊन आले होते, पण वाद्यं घेऊन यायला बैलगाड्या पुरायच्या नाहीत, म्हणून व्हायोलिनं इथंच, इथल्याच देवदाराची बनायची. बर्नाबे सुतारकामाला लागला. केलेलं व्हायोलिन नीट बोलतं का ते बघायला म्हणून वाजवायचा, आणि असं बघता बघता तो शिकवणाऱ्यांच्या पुढं गेला. पंचविशीच्या आत गावच्या वाद्यवृंदाचा मास्तर झाला. मग स्वतः रचू लागला. सणासुदीची स्तोत्रं, मिरवणुकीच्या चाली, दफनविधीचं संगीत. सगळं स्वतःच्या हातानं कागदावर उतरवायचा, पण नाव घालायचा नाही. तेव्हा कुणीच घालत नसे. देवाला वाहिलेल्या वस्तूवर आपला शिक्का कोण मारतं?

चर्चमध्ये गायचे ते पुरुष. बायका डाव्या बाजूला बसून ऐकायच्या. एक दिवस कितेरिया मागावरून न उठताच मुलाला म्हणाली, "सगळ्या गावाला गाणी दिलीस. मी देवाच्या आईपुढं उभी राहीन तेव्हा काय म्हणू? पुरुषांचं उसनं?"

उसनं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या चिकितानो भाषेत बायकांचं बोलणं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं. बाई 'आले' म्हणेल आणि पुरुष 'आलो' म्हणेल, इतकंच नाही. देवाबद्दल, बापाबद्दल, कुठल्याही पुरुषाबद्दल बोलताना पुरुष शब्दाला एक शेपूट जोडतात. बायका जोडत नाहीत. मुलगा आईच्या मांडीवर असतो तोवर तिचं ऐकून तिच्यासारखं बोलतो, मग बापाच्या बोलीत जातो. बर्नाबेला बापच नव्हता. तो आईच्या बोलीत जरा जास्त दिवस राहिला, असं आमच्या बायका म्हणतात.

त्यानं मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणासाठी एक गाणं रचलं, अख्खं बायकांच्या बोलीत. पाद्र्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे बायकी बोलणं चर्चमध्ये?"

बर्नाबे म्हणाला, "फादर, देवाच्या आईला कुठली बोली येत असेल?"

पाद्री हसला, पण पुरता विरघळला नाही. अंगणात गा म्हणाला, आत नको. तेव्हापासून पंधरा ऑगस्टला पहाटे आमच्या बायका अंगणात, घंटेच्या खांबाखाली उभ्या राहून ते गाणं म्हणत आल्या. स्पॅनिश राजाच्या हुकमानं पाद्र्यांना देशाबाहेर घालवलं, तरी बर्नाबेनं पुढं तीस वर्षं वाद्यवृंद चालवला. फाटके कागद पुन्हा लिहून काढले, म्हातारपणी हात थरथरायला लागला तेव्हा लेखणी मनगटाला बांधून लिहिले. पुढं माझ्या पणजीच्या काळात रबराच्या मळेवाल्यांनी आमचे पुरुष उत्तरेच्या जंगलात नेले. बहुतेक परत आले नाहीत. व्हायोलिनं घरोघरी खुंटीला लटकत राहिली, चर्चमधलं गाणं थांबलं. अंगणातलं थांबलं नाही.

एवढं सगळं मला पाळण्यापासून पाठ. तरी माझ्या बेचाळिसाव्या वर्षी मी त्या माणसाला जवळजवळ विकून बसले, ती हकिगत सांगायची आहे.

माझं नाव लोर्हिया. मी सांता क्रूस शहरात चार वर्षं व्हायोलिन शिकले आणि गावात परतून संगीत शिकवू लागले. त्या वर्षी आमच्या चर्चची डागडुजी संपली होती आणि पंधरा ऑगस्टला मोठा कार्यक्रम ठरला होता. शहरातून बारा गायकांचा जथा येणार होता, वाजवणारे आम्ही गावचे. सगळं बसवायला आले होते डॉक्टर योरिस. हे बेल्जियमचे. आमच्या गावांतले जुने कागद बिशपच्या गावी संग्रहात नेऊन ठेवले आहेत, त्या कागदांवर त्यांनी अकरा वर्षं घातली होती. भला माणूस. नाक उन्हानं सोललेलं, युका नावाच्या कंदाचे चीज घातलेले गोळे चारचार खाणारा, पुस्तकावरून शिकलेली चिकितानो न लाजता बोलणारा. अर्थातच पुरुषांची.

कार्यक्रमाची छापील पुस्तिका त्यांनी माझ्या हातात ठेवली. तिसऱ्या पानावर आमचं गाणं होतं. खाली लिहिलं होतं, 'रचनाकार अज्ञात, बहुधा युरोपीय पाद्री. नक्कल करणाऱ्याच्या भाषेतल्या चुका दुरुस्त केल्या आहेत.'

"डॉक्टर, हे बर्नाबे चुवेचं आहे," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

"आणि आईला?"

"तिच्या आईनं."

ते हसले. टिंगलीचं हसले असते तर मी भांडले असते. ते मायेनं हसले. "लोर्हिया, माझ्याकडं फक्त कागद आहे. कागदावर नाव नाही. आणि एवढी बांधेसूद रचना... तेव्हाचे इथले लोक नकला उत्तम करायचे, पण हे कुणा शिकलेल्या माणसाचं काम आहे."

मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते आज मला शंभर तऱ्हांनी सुचतं. तेव्हा मात्र, खरं सांगायचं तर, मला वाटलं, असेलही. आपली आजी, पणजी, सूत कातता कातता सांगितलेल्या गोष्टी; आणि समोर हा अकरा वर्षं कागद वाचलेला माणूस. मी पुस्तिका व्हायोलिनच्या पेटीत घातली आणि घरी कुणाला दाखवली नाही.

पण आईच्या हाती ती पडलीच. आणून दिली सिप्रियानो पुतारेंनी. ते आमच्या गावच्या पंचांचे म्होरके, हातात चांदीच्या मुठीची काठी. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. मी शाळेतून आले तेव्हा दोघं ओसरीत बसली होती. मक्याच्या चिचाचा वाडगा मधे होता, पण कुणी प्यालेलं दिसत नव्हतं.

"चुका म्हणे," आई म्हणाली. "कुणाच्या चुका?"

"तसं नाही आई, जुन्या कागदांत—"

"तुला ठाऊक होतं?"

मी मान खाली घातली. दोन दिवस तिनं मला वेळेवर वाढलं, माझे कपडे धुतले, पण माझ्याशी बोलली नाही. माझी आई असुंता पारापाइनो, वय वर्षं एक्याऐंशी, अंगणातल्या गाण्यात पहिला सूर लावणारी. तिच्या गप्प बसण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये तालीम होती. शहरातले गायक वेदीपाशी, आम्ही उजवीकडे. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, बोटं तारांवर वळत नव्हती. इतक्यात आई आली. अंगात सणाला घालायचा पांढरा सैल तिपोय, हातात चाती आणि कापूस. मागोमाग सिप्रियानोमामा. ती डाव्या बाकावर बसली आणि सूत काढू लागली.

गाणं सुरू झालं. या गाण्यात पहिलं व्हायोलिन गाणाऱ्यांच्या सुराबरोबरच चालतं, बोट धरून चालावं तसं. दोन ओळी सुरळीत गेल्या. तिसऱ्या ओळीत आम्ही पोचलो आणि गायक मागेच राहिले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. डॉक्टरांनी हात वर केला.

"व्हायोलिन, तुम्ही दोन सूर गाळताय."

"नाही," मी म्हटलं. "आमच्या पानावर या ओळीत आठच सूर आहेत."

"गायकांच्या पानावर दहा आहेत."

"मूळ कागदावर?"

डॉक्टर थांबले. "मूळ कागदावर आठ. पण शब्द दुरुस्त केल्यावर अक्षरं दहा होतात. म्हणून मी दोन सूर वाढवले. नक्कल करणाऱ्यानं गाळले असणार."

"आणि व्हायोलिनच्या कागदावरही तेच दोन गाळले?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "चारही कडव्यांत? दर वेळी त्याच जागी?"

डॉक्टर काही बोलायच्या आत डाव्या बाकावरून हसू ऐकू आलं. मोठं नाही, नाकातल्या नाकात.

"काय झालं, मावशी?" डॉक्टरांनी आदरानं विचारलं.

"काही नाही, बाबा," आई म्हणाली. चाती थांबली नव्हती. "कितेरियाला तू मिशा लावल्यास, आता तिचा तिपोय तिला होईना, म्हणून शिवण उसवत बसलायस."

आमच्या बाजूची सगळी वाद्यं खाली आली. बास वाजवणारा वळून भिंतीकडं तोंड करून हसत होता. डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं. सांगताना माझं मलाच लख्ख दिसत गेलं. तिसऱ्या ओळीत देवाचं नाव दोनदा येतं. पुरुष त्याला दोन शेपटं जोडणार, बाई एकही नाही. ते दोन वाढीव सूर म्हणजे ती दोन शेपटं. डॉक्टरांनी चुका म्हणून जे दुरुस्त केलं होतं ती आमची बोली होती, माझ्या आईची, माझी.

डॉक्टरांचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. ते आईपाशी जाऊन उकिडवे बसले. "मावशी, तुम्ही म्हणून दाखवाल?"

"इथं नाही. बायकांना हे गाणं आत म्हणायची परवानगी नाही. पाद्र्यानं अंगण दिलंय."

"तो पाद्री मरून दोनशे वर्षं झाली, असुंता," सिप्रियानोमामा काठी आपटून म्हणाले. "आता पंचांचा म्होरक्या मी आहे. मी सांगतो, म्हण."

"तुझ्या परवानगीनं? मग अंगणच बरं," आई म्हणाली आणि उठली.

मग काय, सगळे अंगणात. बारा गायक, आमची वाद्यं, डॉक्टर, त्यांचे कागद वाऱ्यानं फडफडताहेत. ताहीबोच्या गुलाबी फुलांचा सडा पडला होता, त्यात आई घंटेच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. माझ्याकडं बघून तिनं हनुवटी हलवली. दोन दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

मी व्हायोलिन उचललं. तिचा आवाज वयानं चिरला होता, पण सूर जिथं ठेवायचा तिथंच ठेवत होती. पहिली ओळ, दुसरी. तिसरीत आम्ही दोघी बरोबर शिरलो आणि बरोबर बाहेर आलो. आठ अक्षरं, आठ सूर. एकही उरलं नाही, एकही कमी पडलं नाही. चारही कडवी तशीच गेली. संपलं तेव्हा शहरातल्या एका गायकानं नकळत टोपी काढली होती.

डॉक्टर पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी चुकलो. हे बायकांच्याच बोलीसाठी रचलंय, मुळापासून. ही बोली ज्याच्या कानात घरचीच होती असा कुणीतरी..." ते अडखळले. "पण मावशी, एखादा पाद्रीही शिकला असेल की बायकांकडून."

"असेल," आई म्हणाली. "इतकं चांगलं शिकला असेल तर तुझ्या पुस्तकात त्याचा कबुलीजबाबही छाप."

या वेळी डॉक्टर स्वतःच हसले. पण माणूस चिवट होता, आणि आज मला त्याचं ते चिवटपण आवडतं. "पाद्री नाही, मान्य. तरी नाव कुठून आणू? बर्नाबेच कशावरून? मला एक तरी धागा द्या."

"शेवटच्या कडव्यात कोण येतं?" आईनं विचारलं.

"सांता कितेरिया. संत आहे ती. मी टीपही दिलीय."

"तुमच्या संतबाई सूत काततात?"

डॉक्टरांनी पान उलटलं. शेवटच्या कडव्याचा अर्थ असा आहे की कितेरिया आली आहे, तिच्या हातात चाती आहे, तिच्याकडं द्यायला दुसरं काही नाही, मुलानं दिलेलं एवढं गाणं आहे. ते वाचता वाचता डॉक्टरांचं बोट एका जागी थबकलं. ते उठले आणि आपल्या खोलीकडं चालू लागले. चालता चालता धावायला लागले. पन्नाशीचा माणूस, चपला हातात घेऊन.

परत आले ते एक जाड वही घेऊन. पाद्र्यांना घालवल्यावर राजाच्या माणसांनी गावातल्या माणसांची शिरगणती केली होती, तिची नक्कल डॉक्टरांनी कितीतरी वर्षांपूर्वी स्वतःच उतरवली होती. त्यांनी वाचलं: "चुवे, बर्नाबे. वय छत्तीस. वाद्यवृंदाचा मास्तर. सोबत आई, विधवा, कातणारी. नाव कितेरिया." वही मिटून ते म्हणाले, "अख्ख्या गावात या नावाची दुसरी बाई नाही. हे माझ्याकडं नऊ वर्षं पडून होतं."

सिप्रियानोमामांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, डोळे पुसायला हात मोकळा हवा होता म्हणून. आई मात्र शांत होती. तिला नवीन काहीच कळलं नव्हतं.

पुस्तिकेचं ते पान बदलायचं ठरलं. छापखाना आठ तासांच्या रस्त्यावर, म्हणून आम्ही शाळेतल्या यंत्रावर चिठ्ठ्या छापल्या आणि खळीनं चिकटवल्या. डॉक्टरांनी मजकूर आईला वाचून दाखवला: 'स्वर्गारोहणाचं गीत. बहुधा सान दामियानचे बर्नाबे चुवे यांची रचना.'

"ते 'बहुधा' काढा की," मी म्हटलं.

"राहू दे," आई म्हणाली. "परवापर्यंत ते पाद्र्याकडं होतं. आता आपल्याकडं आलंय. माणूस पावला पावलानंच चालतो."

पंधरा ऑगस्टला चर्च गच्च भरलं. बाहेरून आलेले पाहुणे, शेजारच्या गावांचे पंच आपापल्या काठ्या घेऊन. गाण्याची वेळ झाली तेव्हा डॉक्टर योरिस पुढं आले आणि एवढंच म्हणाले, "हे गाणं मी दुरुस्त केलं होतं. ते दुरुस्तच होतं. आता ज्यांचं आहे त्या म्हणतील."

मग दाराशी थांबलेल्या आमच्या सतरा बायका आत आल्या. पांढरे तिपोय, अनवाणी पाय, सगळ्यांत पुढं आई. डाव्या बाकांकडं कुणी वळलं नाही. मधल्या वाटेनं सरळ वेदीपर्यंत आल्या आणि लोकांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. दोनशे चाळीस वर्षांत त्या जागेवरून आमच्या बाईनं तोंड उघडलं नव्हतं. शहरातले बारा गायक आपण होऊन बाजूला झाले.

मी पहिल्या व्हायोलिनवर होते. माझ्या हातातलं व्हायोलिन गावच्याच सुताराचं. आईनं सूर लावला, सोळा जणींनी उचलला. मी हजार वेळा ऐकलेलं गाणं, पण अंगणात ते वाऱ्यावर जातं. आत छताला लागून ते परत आमच्याच अंगावर येत होतं, दुप्पट होऊन. तिसऱ्या ओळीशी मला समोरच्या रांगेत बसलेली म्हातारी माणसं दिसली. ज्यांचे आजे-पणजे रबराच्या जंगलातून आले नाहीत अशी माणसं. कुणी रडत नव्हतं. सगळे ताठ बसले होते, हनुवट्या वर. शेवटच्या कडव्यात कितेरियाचं नाव आलं, तेव्हा सिप्रियानोमामा उभे राहिले. त्यांच्या मागोमाग सगळं चर्च उभं राहिलं. पाहुण्यांना कारण कळलं नसेल, तरी तेही उठले.

बाहेर आल्यावर आईनं माझा हात धरला. "तिसऱ्या ओळीत घाई केलीस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण चौथ्या कडव्यात बर्नाबेसारखं वाजवलंस." बर्नाबे कसा वाजवायचा ते तिला कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. आता ते विचारायची वेळ गेली होती, आणि बरंच झालं.

पंचांनी चर्चच्या खांबावर नाव कोरायचं ठरवलं. सुतारानं 'बर्नाबे चुवे' लिहून आणलं, तेव्हा आई म्हणाली, नुसतं तेवढं कोरलंत तर मी रोज येऊन चाकूनं खरवडीन. म्हणून खांबावर 'कितेरियाचा मुलगा बर्नाबे चुवे' असं आहे. सुतार कुरकुरला, लाकूड टणक म्हणून. कोरताना मात्र सगळ्यांत सुंदर अक्षर त्यानं कितेरियाचंच काढलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचं पत्र आलं. त्यांच्या गावातल्या गायकांनी आमचं गाणं बसवलं होतं, आमच्या बोलीत, शेपटांशिवाय. बायकांनी शब्द पाठ केले. 'पुरुष गायकांनी विचारलं, आम्ही काय करायचं,' त्यांनी लिहिलं होतं. 'मी म्हणालो, डाव्या बाजूला बसून ऐकायचं.'

मी ते आईला वाचून दाखवलं. अंगणात तिच्याभोवती पाचसहा जणी कापूस पिंजत बसल्या होत्या. त्या हसून हसून लोळल्या. आई हसली नाही.

"बरोबर सांगितलं," ती म्हणाली, आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं.